बेटाचा फेरा

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या जुळे सोलापुरात भाजीच्या गाड्यांचा रंगच बदलतो. टोमॅटो, कोबी वगैरे बारमाही मंडळी मुकाट्यानं मागं सरकतात आणि पुढं येतात तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचं डहाळं, वाल, पावटा, कोवळी मेथी, पातीचा कांदा. बायका स्कूटी रस्त्यातच उभी करून दोन्ही हातांनी ढीग उपसतात आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकतात. पुण्याहून बदली होऊन आलेली आमची शेजारीण दर वर्षी विचारते, "आज एवढी गर्दी कसली हो?" मी सांगते, "येळवस आली." मग तिला येळवस म्हणजे काय ते सांगायचं. तेही दर वर्षी.

पंचांगात ती वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस. या दिवसांत रानातली ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे भुई गरोदर असते. मग गरोदर बाईचे डोहाळे पुरवावेत तसे भुईचे पुरवायचे. घरातली झाडून सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करतात, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढं भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. आणि जेवायच्या आधी एकानं आंबिलीची बिंदगी घेऊन रानाच्या चारी कडांनी आंबील शिंपडत फिरून यायचं. बिंदगी म्हणजे मातीची छोटी घागर. हा फेरा पुरा झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही.

हे मी इतक्या अधिकारानं सांगते आहे, पण मी रानातली नव्हे. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची खिचडी, आणि ज्वारी कशी उगवते याचा पत्ता नाही. आमच्या घरात माती होती ती फक्त तुळशीच्या डब्यात, तीही आई दर पावसाळ्यात शेजारणीकडून मागून आणायची. अक्कलकोटच्या बाजूच्या मल्लिनाथशी लग्न करायचं ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "शेतकऱ्यांत जातेस, उन्हात काळी पडशील." मल्लिनाथ बँकेत होता, पंख्याखाली बसायचा, हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरलं नाही.

शेत मात्र होतं, आणि तेही बेटावर. सोलापूरकराला बेट म्हटलं की हसू येतं. इथं पिण्याचं पाणी इतक्या दिवसांआड येतं की नळाला पाणी आलं तरी आम्ही फोन करून एकमेकांना कळवतो, तिथं चारी बाजूंनी पाणी असलेलं शेत कुणाला खरं वाटणार? पण मल्लिनाथ दहावीत असताना गावाजवळ धरण झालं, पाणी वर सरकत आलं, खालचं सगळं शिवार गेलं आणि यांच्या रानाचा उंचवटा तेवढा वर राहिला. गावातले लोक कानडीत त्याला नडुगड्डी म्हणतात, म्हणजे मधली जमीन. पावसाळ्यापासून होळीपर्यंत ते बेट असतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि धनगर आपली मेंढरं घेऊन चालत तिथं जातात. त्या मेंढरांच्या खुरांनी बेटभर पायवाटा पडल्या आहेत. एक कडेकडेनं जाते, दोन-तीन मधून चढतात आणि सगळ्या वरच्या जुन्या लिंबाखाली येऊन मिळतात.

मला आठवतो तो हिवाळा तीन वर्षांपूर्वीचा. तसं पाहिलं तर त्यात घडलं काय? एक कुटुंब सकाळी डबे घेऊन निघालं, बेटावर गेलं, जेवलं, फिरलं आणि दिवस मावळायच्या आत परत आलं. आमच्या पूर्वानं त्याला 'डे ट्रिप' असं नाव दिलं होतं आणि मैत्रिणींना तसं कळवलंही होतं. ती तेव्हा बारावीत होती आणि तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं.

त्या वर्षी श्रावणात अव्वा न्हाणीत पडल्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली, आणि शेतातल्या ढेकळांवरून अनवाणी चालणारी बाई आमच्या टाइल्सवर वॉकर सरकवू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या घरात चाला, उंचसखल जागी अजिबात नाही. अव्वांनी मान डोलावली. त्यांची ती मान डोलावण्याची पद्धत मला चोवीस वर्षांत चांगली कळलेली होती. कार्तिक संपला तसं त्यांनी जाहीर केलं, "येळवसला मी जाणार. तुमी येवा, नाहीतर एस्टीनं जाती."

सासरे पाणी आल्यानंतर दोनच वर्षांत गेले. पण बेटाचा फेरा पहिल्या वर्षापासून अव्वाच करत आल्या होत्या. एकदाही चुकला नव्हता. ताप असला तरी, नाव मिळाली नाही तरी. एका वर्षी तर म्हणे मासेमारीच्या टायरवर बसून गेल्या होत्या. मी मात्र शाळेत शिकवते, येळवसला आम्हाला सुट्टी नसते, त्यामुळं इतक्या वर्षांत मी चार-पाचदाच तिथं गेले असेन. आणि गेले तरी कोपीजवळ बसून पानं वाढायची, एवढंच माझं काम. फेरा हे अव्वांचं खातं होतं आणि त्यात लुडबूड करायची कुणाची छाती नव्हती.

आदल्या दिवशी घरात जो सुगंध असतो त्याला मी नाव देऊ शकत नाही. आंबील आंबत असते, लसूण ठेचलेला असतो, तीळ भाजलेले असतात, आणि सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा कच्चा हिरवा वास सगळ्या खोल्यांतून फिरत असतो. अव्वा पलंगावर बसून हुकूम सोडत होत्या. भज्जीला चिंच कमी, उंड्यांना वाफ जास्त, खीर पातळ. मी एकदा म्हटलं, "अव्वा, इतक्या वर्षांत मला एवढंही जमणार नाही का?" त्या म्हणाल्या, "जमतंय की. पण सांगितल्याबिगर मला करमंत न्हाय."

धरणाच्या काठावर इरण्णा नाव घेऊन उभा होता. तो मासेही धरतो आणि बेटावरचं आमचं दोन एकर रान वाट्यानं पेरतोही. अव्वांना वॉकरसकट पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "अव्वा, ह्ये घोडं कुटं न्हेता?"

"घोडं न्हाय, माझा पाय हाय त्यो. उचल."

त्यानं आणि मल्लिनाथनं त्यांना घडीच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. पाणी शांत होतं आणि त्यावर कोवळं ऊन पडलं होतं. लांबवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. पूर्वा फोटो काढत होती, आणि अव्वा हात पाण्यात बुडवून बोट दाखवत सांगत होत्या, "हितं आमची हीर. हितं चिंचंचं झाड. हितनं बैलगाडीची वाट." आम्ही बघत होतो तिथं नुसतं पाणी होतं. पूर्वानं कॅमेरा खाली घेतला आणि आजीच्या बोटाकडं बघत राहिली.

बेटावर पाय ठेवला आणि मला आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा ते सुंदर दिसलं. कदाचित त्या वर्षी मी फार दमले होते म्हणून असेल. दवाखाना, शाळा, पूर्वाचं बारावीचं वर्ष, या सगळ्यातून काही महिन्यांनी पहिल्यांदा एवढं आकाश एकदम दिसलं. ज्वारी छातीएवढी उभी होती. वाऱ्यात तिचा आवाज येत होता आणि त्याखाली काठावर लागणाऱ्या पाण्याचा. लिंबाखाली इरण्णानं कोप बांधून ठेवली होती. पूर्वा पायवाटा बघून आली आणि म्हणाली, "पप्पा, हा तर तयार ट्रेल आहे. पाट्या लावल्या तर लोक ट्रेकिंगला येतील." मल्लिनाथ म्हणाला, "आधी मेंढरांची परवानगी काढ."

पूजा झाली. अव्वा वॉकर टेकवत कोपीपासून दहा-बारा पावलं गेल्या. मग ढेकूळ आलं, वॉकरचा एक पाय रुतला आणि त्या थांबल्या. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला होता, भर थंडीत. मल्लिनाथ पुढं झाला, "अव्वा, दे इकडं. मी जातो."

"ही बिंदगी घरच्या बाईची असती," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं. "पद्मा, बा इकडं."

बा म्हणजे ये. मी गेले. त्यांनी बिंदगी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. दोन्ही बाजूंनी आम्ही ती धरून उभ्या होतो. "कडंनं जायचं. पाण्याच्या कडंकडंनं. एक जागा सोडायची न्हाय. पुरा फेरा. समजलं?" मी म्हटलं, समजलं. तेव्हा कुठं त्यांनी हात काढला.

त्या फेऱ्याबद्दल मी खूपदा विचार केला आहे. पुढं मी, उजव्या हातानं ज्वारीच्या पानानं आंबील उडवत. मागं पूर्वा, पाण्याचा तांब्या घेऊन. सुरुवातीला मला आपण नाटकात काम करतोय असं वाटत होतं. मग हळूहळू हाताला लय सापडली. ताकाचा आंबूस वास, ओल्या काळ्या मातीचा वास, कुठं तरी रानतुळस पायाखाली आली तर तिचा. ज्या बाईच्या माहेरी तुळशीपुरती माती उसनी यायची, ती मी, एका अख्ख्या रानाला जेवू घालत चालले होते. मला आईची आठवण आली. ती असती तर तिनं आधी माझ्या डोक्यावर पदर ओढला असता आणि मग कौतुक केलं असतं. मला फार कृतज्ञ वाटत होतं, आणि कुणाबद्दल ते नीट सांगता येत नव्हतं. अव्वांबद्दल, बहुधा. आणि त्या भुईबद्दल, जी मला ओळखत नसताना माझ्या हातचं घेत होती.

एवढं सगळं भरून आलेलं असताना माणसानं चूक करू नये. पण मी केली.

बेटाच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी जीभ पाण्यात गेलेली आहे. कडेची पायवाट तिथं पोचून संपते. पुढं वेड्या बाभळी, दलदल, आणि टोकाला थोडी उघडी काळी माती. मी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. पूर्वा म्हणाली, "मम्मी, इथं तर काहीच पेरलेलं नाही. इकडून मधल्या वाटेनं गेलो तर पन्नास पावलांत पलीकडं." मी वाकून पाहिलं. बाभळीचे काटे बोटाएवढे होते. तिथूनच मी आंबिलीचे चार शिंतोडे त्या दिशेला उडवले आणि आम्ही वळलो. खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत नाही का आपण म्हणत, सगळे हजर, आणि एखादा मागच्या बाकावर नसतोच.

परत आलो तेव्हा पानं मांडलेली होती. इरण्णा वाऱ्याकडं बघत होता. मी बिंदगी अव्वांपुढं ठेवली आणि म्हटलं, "झाला फेरा." त्यांनी बिंदगीत पाहिलं. तळाला आंबील उरली होती. मग त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"चिखूल कसा न्हाय लागला?"

पूर्वा एकदम धरणाकडं बघू लागली. मी पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका, रोज साठ पोरांच्या थापा पकडणारी, बूट लपवायला जागा शोधत उभी राहिले. शेवटी सांगून टाकलं. दक्षिणेचं टोक राहिलं, काटे होते, लांबूनच शिंपडलं. मल्लिनाथ लगेच मध्ये पडला. "अव्वा, तिथं काय आहे? पडीक तर आहे. आपलं सगळं रान झालं ना?"

"आपलं झालं," अव्वा म्हणाल्या. "आपलं राहिलं असतं तर चाललं असतं. ते टोक आपलं न्हाय."

शेजारचं रान मल्लिनाथला आठवत होतं, पण हे टोक त्यातलंच उरलेलं, हे त्यालाही माहीत नव्हतं. तो शिकायला बाहेर पडला तेव्हा बांध पाण्याखाली गेले होते आणि त्यानंतर त्याला ती सगळी जमीन एकच वाटत आली होती. अव्वांनी सांगितलं. दक्षिणेला बांधाला बांध लागून अमीनाबीचं रान होतं. सात एकर. दोघी एका विहिरीचं पाणी भरायच्या, येळवसला कोप एकच घालायच्या, अमीनाबी उंडे करायची आणि अव्वा भज्जी. पाणी आलं तेव्हा तिचं सगळं गेलं, फक्त टोकाचे हे दोन-चार गुंठे वर राहिले. अमीनाबीच्या घरच्यांनी बैलगाडीत सामान भरलं. कुणी म्हणालं सोलापूरला गेले, कुणी म्हणालं विजापूरला. पुढं काहीच कळलं नाही.

"जाताना माझा हात धरून म्हणली, आमचं एवढंसं राहिलंय, त्याला कोण घालणार गं? मी म्हणले, मी घालती. मी हाय तवर तुझं रान उपाशी राहायचं न्हाय." अव्वांनी नाक पुसलं. "तिला काय ठावं, मी घालती का न्हाय. पण मला ठावं हाय की."

इरण्णा म्हणाला, "अव्वा, वारं सुटतंय. अंधाराच्या आत नाव पलीकडं लागाय पायजे. पुढच्या वर्षी दुप्पट घाला."

"पुढच्या वर्षी मी हाय का न्हाय कुणी सांगितलंय? ऊठ पद्मा."

मी म्हटलं, मी एकटी पळत जाऊन येते. त्यांनी ऐकलं नाही. मग काय, निघालो. मधल्या पायवाटेनं, मेंढरांच्या. एका बाजूनं मल्लिनाथ, दुसऱ्या बाजूनं मी, आणि मागं पूर्वा वॉकर उचलून. अव्वांचं वजन माझ्या खांद्यावर होतं, आणि किती कमी होतं ते! दर वीस पावलांवर त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या, आणि कानडीत स्वतःलाच काहीतरी रागवून पुन्हा पाऊल टाकायच्या. जेवायची पानं मागं तशीच राहिली होती. मला डॉक्टर दिसत होते, एक्स-रे दिसत होता, आणि तरी एकदाही त्यांना परत फिरवावं असं वाटलं नाही. त्या वाटेवर आम्ही चौघं जितके एका घरातले होतो तितके जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये कधी होतो का, असा विचार मात्र मनात येऊन गेला.

आता अव्वा आतल्या खोलीत बसून पावटे सोलत आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, पण टरफलात दाणा राहिला तर दिसतो. येळवसला बेटावर त्या आता येत नाहीत. नावेत चढणंच होत नाही. फेरा मी करते. शाळेत रजेचा अर्ज देते, त्यावर कारण लिहिते 'घरगुती काम', आणि सुपरवायझर दर वर्षी भुवया उंचावतात. मी गमबूट घेतले आहेत. टाचेला काटा लागून गुडघ्यापर्यंत ठणका कसा जातो तेही आता मला माहीत आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलं.

बाभळींशी आम्ही थांबलो. मल्लिनाथनं काठीनं फांद्या दाबून धरल्या. अव्वांनी मला पुढं जायची खूण केली आणि स्वतः पूर्वाच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. मी बूट काढायचा विचार केला, पण काढले नाहीत. पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत गेले. पुढच्या पावलाला पिंढरीपर्यंत. टोकाशी पोचले तेव्हा एक बूट चिखलातच राहिला होता. तिन्ही बाजूंना पाणी, आणि मध्ये अंगणाएवढी काळी माती, भेगाळलेली, तिच्यावर कसलं तरी रानगवत.

मी बिंदगीत पान बुडवलं. मागून अव्वांचा आवाज आला, "शिंपडू नको. सगळं ओत. घरी न्यायला राखू नको."

मी बिंदगी उपडी केली. आंबील भेगांतून सरसर आत गेली, बघता बघता गेली. मी नमस्कार केला, कुणाला ते न कळून, आणि मागं वळले.

अव्वा माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या आणि मोठ्यानं बोलत होत्या. बांधापलीकडं काम करणाऱ्या बाईला हाक मारून बोलावं, तितक्या मोठ्यानं.

"अमीने, उशीर झाला गं आज. रागवू नको. सून नवीन हाय."